कपडे सांभाळणारी

रामनगर, डोंबिवली (पूर्व)
९ ऑगस्ट १९८८

प्रिय मंजू,

गुडघ्याला तेल लावतेस, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवून दिली आहेस? सखारामभाऊंच्या वर्षश्राद्धाला यायचं फार मनात होतं. पण माझ्या नाचाच्या क्लासात गॅदरिंगच्या मुलींची गर्दी झाली आहे, मला कुठे हलताच येत नाही. तुला स्टेशनच्या पुलाचे जिने चढवत नाहीत आणि मला इथून सुटका नाही. ठाणे-डोंबिवली एवढंसं अंतर, पण आपली मैत्री आता पोस्टमनच्या पायांनीच चालायची.

आज एका विशेष गोष्टीसाठी लिहिते आहे. श्रीपाद नावाचा एक तरुण पत्रकार माझ्याकडे येणार आहे. महायुद्धाच्या काळात मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाझच्या बँडपुढे ज्या बायका नाचल्या, त्यांच्यावर तो एका दिवाळी अंकासाठी लिहितो आहे. म्हणाला, अमेरिकेत त्या काळच्या नाचणाऱ्या बायकांवर पुस्तकं निघतात आणि आपल्याकडे त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. मी त्याला सांगितलं, मी एकटी नव्हते, आम्ही दोघी होतो. अमेरिकेतून बँडबरोबर आलेल्या एडनाबाईंनी आम्हा दोघींना शिकवलं.

मंजू, कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात सोल्जरांपुढे नाचलो तेव्हाचा आपला फोटो तुझ्याकडे आहे ना? माझी प्रत पुण्याला पानशेतच्या पुरात गेली. तेवढा पाठवशील? जपून परत करीन.

आणि तुझं नाव सांगू की नको? नाचाचं कुणाला सांगणार नाही, असा लग्नाच्या वेळी तू सखारामभाऊंना शब्द दिला होतास, तो तू चाळीस वर्षं पाळलास. तू म्हणशील तसं.

तुझी,
सरू


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२४ ऑगस्ट १९८८

सरू गो,

तुझं पत्र मी चार दिवस उशीखाली घेऊन झोपले. मग ठरवलं, आता लपवायचं नाही. ज्याला शब्द दिला तो गेला. शब्द त्याच्यासाठी होता, त्याच्यामागे मी तो कुणासाठी धरून बसू?

दामाजी माजिवड्याच्या कारखान्यातून आला. त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. मी सोळा वर्षांची होते. आईबरोबर हॉटेलाच्या मागच्या दाराला मासळी घालायला जायची. आत अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा बँड वाजायचा आणि रिकाम्या हॉलमध्ये एडनाबाई एकट्या नाचाचा सराव करायच्या. मी पाटी डोक्यावरून न उतरवता दारात उभी राहून तसे पाय टाकायला लागले. त्यांनी वळून पाहिलं आणि हसल्या नाहीत. जवळ आल्या, माझ्या कमरेवर हात ठेवला आणि खुणेने म्हणाल्या, पुन्हा कर. मान हलू न देता कंबरेतून गिरकी घ्यायची ती आमची पाटीवाल्यांची सवय. ती त्यांनी माझ्याकडून शिकून घेतली आणि त्यांचं सगळं मला दिलं.

दामाजीच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणाला, "आई, तू गोऱ्यांच्या हॉटेलात नाचायचीस?"

मी म्हटलं, "नाचायची. आणि चांगली नाचायची."

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "त्या एडनाबाई दिसायला कशा होत्या गो?" मग मी त्याला सांगत बसले आणि त्याला कारखान्यात जायला उशीर झाला. आता तोच सगळ्यांना सांगत फिरतोय. नारळी पुनवेच्या तयारीला जमलेल्या पोरांना म्हणाला, आमच्या आईचं नाव दिवाळी अंकात येणार.

तर नाव सांग. नुसतं मंजू नको, मंजुळा सखाराम कोळी, चेंदणी, असं पुरं सांग. फोटो सुनेच्या भावाबरोबर पाठवते. तानाजी विठ्ठलवाडीला राहतो, जाता जाता तुझ्याकडे देईल. एकच आहे, सांभाळ.

तुझी,
मंजू


डोंबिवली
१७ ऑक्टोबर १९८८

प्रिय मंजू,

फोटो पोचला. तानाजी फार गुणी मुलगा आहे, चहासुद्धा घेतला नाही. श्रीपाद येऊन गेला. सगळं छान झालं. तुझं नाव त्याने नीट विचारून लिहून घेतलं. तू अगदी निश्चिंत राहा.

क्लासमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाची घाई आहे, म्हणून एवढंच.

सरू


चेंदणी कोळीवाडा
१६ नोव्हेंबर १९८८

सरस्वती,

भाऊबीजेनंतर दामाजी स्टेशनवरून अंक घेऊन आला. एकट्याने वाचला नाही, सगळ्यांना बोलावलं. माझी जाऊ शेवंती आली, समोरचे गोविंदाकाका आले, पोरं आली. ओटीवर चटई टाकली. मला मधे बसवलं. मी नवं लुगडं नेसले होते, ते आठवलं की अंगावरून काढून फेकावंसं वाटतं.

दामाजी मोठ्याने वाचत होता. तुझं लहानपण झालं, एडनाबाई आल्या, हॉटेल आलं. मग ती गिरकी आली. मान स्थिर ठेवून कंबरेतून घेतलेली गिरकी म्हणे तुला स्वप्नात सुचली. दामाजी थांबला, माझ्याकडे बघून पुढे वाचायला लागला. त्याला वाटलं, माझं पुढे येईल. आलं. "आमच्याबरोबर ठाण्याची एक कोळीण असायची, कपडे सांभाळायला. बिचारी फार प्रेमळ होती."

मग शेवंती हसून म्हणाली, "कपडे तर कपडे, मडमेचे होते ना!" त्यावर पोरंही हसली. त्यांना वाईट म्हणू कशी, हसण्यासारखंच होतं.

फोटोत तू एकटी आहेस. तुझ्या खांद्यावर एक हात आहे. तो हात माझा आहे हे ओटीवर फक्त मला माहीत होतं.

सगळे गेल्यावर दामाजी आत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "आई, बाबांच्या मागे असं कायतरी सांगायची काय गरज होती गो?"

सरू, हे कसं झालं? तू तर नाव सांगितलंस ना? मला कळेल असं लिही.

मंजुळा


डोंबिवली
२३ नोव्हेंबर १९८८

प्रिय मंजू,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. माझा काही दोष नाही गं. मी सगळं सांगितलं होतं. पण हे छापणारे लोक कसे असतात तुला ठाऊक नाही. जागा कमी पडली की वाटेल तिथे कात्री लावतात, ह्याचं वाक्य त्याला जोडतात. फोटोचंही तसंच, कॉलमात बसत नव्हता म्हणून छापखान्यात कापला असणार. श्रीपादला मी चांगलं फैलावर घेणार आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. आपण काय होतो ते आपल्या दोघींना माहीत आहे, तेवढं पुरे नाही का?

आणि हे जरा समजून घे, इथे माझ्याकडे चांगल्या घरच्या मुली शिकायला येतात. त्यांचे आईवडील अंक घेऊन आले होते. मी आता त्यांना काय सांगणार, की अर्धं चुकीचं छापलंय? पुढच्या वेळी संधी आली की तुझं नाव पहिलं.

तुझीच,
सरू


दादर, मुंबई
११ जानेवारी १९८९

आदरणीय मंजुळाबाई,

अंकाच्या पत्त्यावर तुम्ही पाठवलेलं पत्र मला काल मिळालं. तुम्ही सरळ प्रश्न विचारले आहेत, मीही सरळ उत्तर देतो.

माझ्या लेखातला एकही शब्द संपादकांनी कापलेला नाही. सरस्वतीबाईंनी जे सांगितलं ते मी तसंच लिहिलं. फोटो त्यांनी दिला तेव्हाच अर्धा होता. त्यांच्या खांद्यावरचा हात पाहून मी विचारलं, ही दुसरी कोण? त्या म्हणाल्या, कपडे सांभाळणारी बाई होती, उगीच मधे आली म्हणून तिला काढलं. तिचं नाव विचारलं तर म्हणाल्या, आठवत नाही.

तुमचं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्या आपल्या शब्दांवर ठाम आहेत. तुमच्याबद्दल म्हणाल्या की म्हातारपणी माणसाला कायकाय भास होतात. पुरावा नसल्यामुळे संपादक खुलासा छापायला तयार नाहीत. मला तुमचं खरं वाटतं. गिरकी कशी घ्यायची ते तुम्ही पत्रात लिहिलंय, इतक्या बारकाव्याने न नाचलेलं माणूस लिहू शकणार नाही. मी दुसऱ्या बाजूला विचारायला हवं होतं, ते राहिलं. तुम्ही बोलावलंत तर ठाण्याला येऊन सगळं ऐकून घेईन.

आपला,
श्रीपाद


चेंदणी कोळीवाडा
२० जानेवारी १९८९

सरस्वती,

श्रीपादचं उत्तर आलं. छापखान्यात कात्री नव्हती, तुझ्या घरात होती.

एक गोष्ट मला राहून राहून लागते. हॉटेलात आपले कपडे सांभाळायला कोण यायचं? तुझी आई. विधवा बाई, लाल आलवणात दिवसभर दिव्याखाली बसून आपले झगे शिवायची, घामाचे धुवायची. माझ्या झग्याचा टाका उसवला तर माझ्याआधी तिला दिसायचा. "पोरी, मोठं पाऊल टाक, शिवण माझी आहे," म्हणायची. डोंबिवलीच्या चांगल्या घरच्या लोकांपुढे तिला आणायची तुला लाज वाटली, म्हणून तिचं काम माझ्या गळ्यात घातलंस. मला त्या कामाची लाज नाही. पण त्या माऊलीला तू दुसऱ्यांदा मारलंस.

श्रीपाद येतो म्हणाला, त्याला नको म्हणून कळवलं. दामाजी हात जोडून म्हणाला, आई, आता हा विषय पुरे. लेकाने हात जोडले की आई कुठे जाणार?

फोटोचा माझा अर्धा भाग ठेवला असशील तर पाठव. टाकला असशील तर तेवढं कळव. बाकी काही लिहू नको.

मंजुळा


दादर
१४ एप्रिल १९९२

आदरणीय मंजुळाबाई,

तीन वर्षांनी लिहितो आहे. आधी विचारतो, तुम्ही खुशाल आहात ना?

माझा लेख इंग्रजीत कुणीतरी उतरवला आणि तो अमेरिकेत शिकागोला कॅरल नावाच्या बाईंच्या हाती पडला. त्या तिथे जुने स्विंग नाच शिकवतात. त्यांच्या गुरू म्हणजे एडनाबाई. होय, तुमच्याच. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, दृष्टी गेली आहे, पण आहेत. एडनाबाईंनी परत गेल्यावर आयुष्यभर शेकडो मुलींना एक गिरकी शिकवली. त्यांच्या शाळेत तिचं नावच "मंजू" आहे. मुली एकमेकींना म्हणतात, "आता मंजू घे." ही मंजू कोण, ते शोधायला कॅरलबाई जानेवारीत इथे आल्या. मी तेव्हा नागपूरला होतो, म्हणून ऑफिसातून त्यांना सरस्वतीबाईंचा पत्ता मिळाला.

आता कॅरलबाईंचं मला पत्र आलं आहे. त्यात लिहिलंय, सरस्वतीबाईंनी फार अगत्य केलं, पण मंजू दहाएक वर्षांपूर्वी वारली हे त्यांच्याकडून ऐकून वाईट वाटलं. परत गेल्यावर एडनाबाईंना त्यांनी ते सांगितलं. मग खुर्चीत बसून एडनाबाईंनी सगळ्या विद्यार्थिनींना हॉलमध्ये ती गिरकी घ्यायला लावली, तुमच्या नावाने.

मी शिकागोला आजच लिहितो आहे की तुम्ही जिवंत आहात. तुमचा निरोप कळवा, इंग्रजीत करून लगेच पाठवीन.

श्रीपाद


चेंदणी कोळीवाडा
१९ एप्रिल १९९२

श्रीपादभाऊ,

मी जिवंत आहे. गुडघे गेले, बाकी बाई धड आहे.

तुमचं पत्र दामाजीच्या हातात पडलं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. माझ्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मी तुला खोटी ठरवली." मी म्हटलं, तू नाही रे, तू छापलेलं वाचलंस. पण तो पोरासारखा रडला आणि मला त्याला गप्प करवेना. इतक्या वर्षांत माझ्याच घरात मी किती एकटी होते ते मला त्याच्या रडण्याने कळलं.

एडनाबाईंना हे लिहा. मंजू आहे. तुम्ही जाताना मला बरोबर न्यायला तयार होता. बापाने नाही म्हटलं, म्हणून मी बोटीपर्यंतसुद्धा आले नाही, घरात तोंड लपवून बसले. तुम्हाला वाटलं असेल, मंजूला काही वाटलं नाही. फार वाटलं. तुम्ही गेल्यावर युद्ध आलं, आम्ही नाचलो, कल्याणला सोल्जर बाकांवर उभे राहून टाळ्या वाजवायचे. दर वेळी मी दाराकडे बघायची. लग्न झालं, नाच सुटला. पण मासे विकायला बसले तरी कुठे बँड वाजला की पाटाखाली माझे पाय चालायचे. तुम्ही माझं नाव जपलंत, ते मला माझ्याच गावात मिळालं नाही. तुमच्या पायांवर माझं डोकं.

भाऊ, लवकर पाठवा. दामाजी म्हणतो तार करू, पण हे सगळं तारेत कसं मावेल?

मंजुळा सखाराम कोळी


दादर
६ जून १९९२

मंजुळाबाई,

तुमच्यापासून लपवून ठेवणं बरोबर नाही, म्हणून लगेच लिहितो. कॅरलबाईंचं उत्तर आलं. माझं पहिलं पत्र तिथे पोचलं तेव्हा एडनाबाईंना जाऊन काही दिवस झाले होते. तुमचा निरोप कॅरलबाईंनी सगळ्यांसमोर वाचला. एडनाबाईंना मात्र तो ऐकायला मिळाला नाही. तुम्ही आधीच गेलात असं समजूनच त्या गेल्या.

मी सरस्वतीबाईंकडे गेलो होतो. सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

श्रीपाद


डोंबिवली
२ जुलै १९९२

मंजू,

तू लिहू नको म्हणालीस म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही. आता राहवत नाही.

ती अमेरिकन बाई दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ती मला शोधत आली. मी साडी बदलून आले, क्लासच्या मुलींना बोलावलं. आणि बसल्याबसल्या तिने विचारलं, "मंजू कुठे आहे?" माझ्याबद्दल तिने एक शब्दही विचारला नाही. मुली ऐकत होत्या. तुझा पत्ता दिला असता तर ती तासाभरात तुझ्या ओटीवर पोचली असती, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या क्लासात कोण आलं असतं? तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?

तुला हे कधी कळलंच नाही, मंजू. एडनाबाई शिकवायच्या दोघींना, पण बघायच्या तुझ्याकडे. बोटीवर चल म्हणून तुला विचारलं. मला कुणी विचारलंच नाही. मी आले असते. माझा बाप नव्हता अडवायला. तुझ्याकडे सगळं होतं आणि तू ते मासळीच्या पाटीत टाकून दिलंस. मी ते उचललं, चाळीस वर्षं जिवंत ठेवलं, गल्लीगल्लीतल्या मुलींना शिकवलं. त्यावर माझा थोडासुद्धा हक्क नाही?

एडनाबाई जातील हे मला कसं माहीत असणार?

श्रीपाद कुणाकुणाला सांगत सुटला आहे. क्लास जवळजवळ बंद पडला. मला आता इथे कुणी नाही. रविवारी ठाण्याला येऊ का? तुझ्यासमोर बसून एकदा रडायचं आहे. तू पूर्वीसारखी शिव्या दे.

सरू


चेंदणी कोळीवाडा
१० जुलै १९९२

सरू,

येऊ नको.

तू लिहिलंस ते मी दोनतीनदा वाचलं. तुला कुणी विचारलं नाही, हे खरं. मला ते तेव्हा दिसलं नाही, हेही खरं. तू नाच शिकवलास, पोरींना दिलास, त्याचा हक्क तुझा, मी कधी मागितला नसता. अंकात तू मला वगळलंस, लेकासमोर खोटं पाडलंस, ते मी एखाद दिवशी गिळलं असतं. म्हातारी झाले, किती धरून ठेवणार?

पण त्या आंधळ्या बाईला, जिने माझं नाव समुद्रापलीकडे इतकी वर्षं सांभाळलं, तिला तू जाताजाता माझ्या मरणाचं दुःख दिलंस. ते तिने खुर्चीत बसून सोसलं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. ती हसत गेली असती. ते तू माझ्याकडून नाही, तिच्याकडून घेतलंस. त्याची माफी द्यायचा मला अधिकारच नाही, मग येऊन माझ्यासमोर रडून काय करशील?

मी तिचं सुतक पाळलं. दामाजीने खाडीत नारळ सोडला. शेवंती आली आणि काही न बोलता माझ्यासाठी भात करून गेली. गोविंदाकाकांनी विचारलं, "तुझी कोण लागत होती?" मला सांगता येईना. हे सरूला विचारायला पाहिजे, असं मनात आलं. मग आठवलं.

असंच होतं गो. चांगलं, वाईट, काहीही झालं की अजून पहिलं तुझंच नाव तोंडाशी येतं. इतक्या वर्षांत दुसरी मैत्रीण केलीच नाही मी, कधी गरजच वाटली नाही. तुझ्यावरच्या रागापेक्षा त्या सवयीचा मला जास्त त्रास होतो. ती मोडायची आहे. या वयात मोडेल की नाही, देव जाणे. पण तू दारात आलीस तर मुळीच मोडणार नाही. मी तुला पाट देईन, पाणी देईन, आणि मग माझं मलाच तोंड दाखवता येणार नाही.

म्हणून येऊ नको.

मंजुळा